तिसरी ते बारावी स्पॅनिश: दरवर्षी पुन्हा पहिल्या धड्यावर येणे कसे टाळावे?

वाचकाचे पत्र

महोदया, सस्नेह नमस्कार. पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी स्पॅनिश शिकवते. आजवर आमच्याकडे हा विषय सहावी ते दहावी होता. येत्या वर्षापासून तो तिसरीपासून सुरू करून बारावीपर्यंत न्यावा, असे व्यवस्थापनाने ठरवले आहे आणि त्याचा आराखडा मला एकटीला करायचा आहे. तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन आणि सहावीपासून पुढे चार तासिका मिळतील. तासिका 40 मिनिटांची आहे. माझी अडचण अशी की, नववीतल्या मुलांना रंग, आकडे, महिने घडाघडा म्हणता येतात, पण सुट्टीत काय केलेस असे स्पॅनिशमध्ये विचारले की ती गप्प होतात. तीन वर्षे आधी सुरुवात केल्याने हे बदलेल का? व्याकरण कधी आणि कसे आणावे? आठवीत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांचे काय करावे? बारावीपर्यंत मूल अस्खलित बोलेल ना, असे पालक आतापासूनच विचारू लागले आहेत. माझे स्वतःचे शिक्षण युरोपीय भाषा-चौकटीतल्या बी2 पातळीपर्यंत (सहापैकी चौथ्या) झाले आहे. ते पुरेल का, याचीही धास्ती वाटते.
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर

सस्नेह नमस्कार. तुम्ही विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ नववीच्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलेल्या त्या एका वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ही मुले गप्प होतात याचे कारण त्यांनी स्पॅनिश उशिरा सुरू केले, हे नाही. आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत प्रत्येक नवे पुस्तक पुन्हा अभिवादन, नाव, रंग, आकडे आणि कुटुंब या क्रमानेच उघडते, पहिले सत्र त्यात जाते, आणि क्रियापदे जेव्हा येतात तेव्हा ती तक्त्याच्या रूपात, पाठ करण्यासाठी येतात. अशा पद्धतीत चार वर्षे गेलेल्या मुलाकडे नामांचा मोठा साठा असतो, परंतु ती नामे ज्यांच्या आधाराने वाक्यात उभी राहतील ती क्रियापदे त्याच्या जिभेवर बसलेली नसतात. हा क्रम तसाच ठेवून तुम्ही तिसरीपासून सुरुवात केलीत, तर रंग आणि आकडे यांच्यात आणखी तीन वर्षे जातील आणि नववीचे मूल तिथेच राहील. म्हणून आराखडा करताना कोणत्या इयत्तेत कोणता धडा, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक इयत्तेच्या अखेरीस मूल स्पॅनिशमध्ये काय करू शकले पाहिजे, ते एकेका वाक्यात लिहून काढा. पाचवीच्या अखेरीस ते वर्गातल्या सर्व सूचना समजून वागेल आणि स्वतःबद्दल चार वाक्ये बोलेल. सातवीच्या अखेरीस आपला रोजचा दिवसक्रम सांगेल. आठवीच्या अखेरीस काल घडलेली गोष्ट सांगेल. दहावीच्या अखेरीस आपले मत मांडून त्याचे कारण देईल. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक चौकटीत ए1 ते सी2 या पातळ्यांची मांडणी याच धर्तीवर, म्हणजे शिकणाऱ्याला काय करता येते यावर केलेली आहे, आणि तिच्याच आधारे इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या भाषा-संस्कृती संस्थेने स्पॅनिशसाठी केलेला सविस्तर अभ्यासक्रम आंतरजालावर विनामूल्य वाचायला मिळतो. तो समोर ठेवल्यास तुम्हाला शून्यापासून काही रचावे लागणार नाही.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळते, कारण त्याचे उत्तर तुम्ही पहिल्याच सभेत स्पष्ट द्यावे असे मला मनापासून वाटते. वर्षाचे कामाचे आठवडे 35 धरले, तर दोन तासिकांचे वर्षाला साधारण 47 तास होतात आणि चार तासिकांचे 93. तिसरी ते पाचवीचे मिळून 140 आणि सहावी ते दहावीचे 467, म्हणजे दहावीपर्यंत सुमारे 600 तास, आणि त्यातूनही सहामाही परीक्षा, स्नेहसंमेलन आणि क्रीडा सप्ताह वजा व्हायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना स्पॅनिशमध्ये कामकाज करण्याइतकी सफाई येण्यासाठी 600 तासांहून अधिक वर्ग लागतात असे सांगते. पण ते शिकणारे प्रौढ असतात, दिवसभर तेच करतात आणि त्यांचे गट लहान असतात. आपली मुले दिवसाआड 40 मिनिटे, पंचवीस-तीस जणांच्या वर्गात शिकतात. अशा परिस्थितीत दहावीपर्यंत पक्की ए2 आणि बऱ्याच मुलांची बी1, तर बारावीपर्यंत पक्की बी1 आणि मेहनती मुलांची बी2 हे उद्दिष्ट प्रामाणिक आहे, आणि ते अजिबात थोडे नाही, कारण बी1 पातळीचे मूल माद्रिदमध्ये किंवा मेक्सिको शहरात एकटे फिरू शकते, घर शोधू शकते, आजारपण सांगू शकते. मात्र 'अस्खलित' हा शब्द शाळेच्या माहितीपत्रकात छापू देऊ नका.

लवकर सुरुवात केल्याने किती फरक पडतो, यावर स्पेनमध्येच मोलाचा अभ्यास झाला आहे. बार्सिलोना विद्यापीठातील कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. त्याचे निष्कर्ष 2006 साली ग्रंथरूपाने आले. तेवढेच तास मिळाल्यावर उशिरा सुरुवात केलेली मुले पुढे असलेली दिसली, कारण मोठ्या मुलाची विचार करण्याची आणि नियम ओळखण्याची क्षमता वर्गातल्या मोजक्या तासांत अधिक उपयोगी पडते. याचा अर्थ तिसरीतले स्पॅनिश वाया जाते असा मी घेत नाही. या वयात कान तयार होतो, उच्चार सहज बसतो आणि चुकण्याची लाज वाटत नाही. या तीन गोष्टी साधल्या की तिसरी ते पाचवीचे काम झाले. तिथे लेखी परीक्षा, शब्दांचे स्पेलिंग आणि क्रियापदांचे तक्ते आणण्याचा आग्रह शाळेने धरला, तर त्याला तुम्ही ठामपणे नकार द्यावा.

या लहान वर्गांत तासिका कशी चालावी, त्याचे एक उदाहरण देते. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडलेली पद्धत अशी की, शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि मुलांनी ती बोलून नव्हे, तर करून दाखवायची. तुम्ही म्हणता, 'आब्रे ला मोचिला', आणि स्वतः दप्तर उघडता, मुले उघडतात. 'साका एल लिब्रो', पुस्तक बाहेर येते. 'पोन एल लिब्रो देबाहो दे ला सिया', पुस्तक खुर्चीखाली जाते. दुसऱ्या तासिकेला तुम्ही हालचाल न करता केवळ बोलता. तिसऱ्या तासिकेला 'पोन एल लिब्रो रोहो एन्सिमा दे ला मेसा' म्हणता आणि लाल रंग पहिल्यांदा वर्गात येतो तो अशा एका वाक्याचा भाग म्हणून, कारण निळे पुस्तक ठेवणारे मूल शेजाऱ्याकडे पाहून आपोआप चूक सुधारते. महिनाभरात वर्गातले एखादे मूल पुढे येऊन तुम्हालाच आज्ञा देऊ लागते, आणि ते बोलणे त्याने पाठ केलेले नसते. मेक्सिकोतला लोतेरिया हा खेळही इथे उत्तम चालतो: 54 चित्रांची पाने आणि प्रत्येकापुढे 16 चौकोनांचा तक्ता. आपल्या हाउजीसारखाच असल्याने तो मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

उच्चारांच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा. आपली इंग्रजी माध्यमातली मुले रोमन लिपी दिसली की इंग्रजी उच्चार करतात आणि 'तोमाते' ऐवजी 'टोमाटे' म्हणतात. त्यांना सांगा की इथला 'त' मराठीतल्या ताटाचा आहे आणि 'द' दाराचा आहे. प आणि क यांच्यामागे इंग्रजीसारखा श्वास सोडायचा नाही. स्वर आखूड आणि स्वच्छ ठेवायचे, 'नो' म्हणताना शेवटी 'उ' ओढायचा नाही. एकेरी र त्यांच्याकडे आहेच. मेहनत घ्यावी लागते ती थरथरणाऱ्या दुहेरी 'र'वर, कारण तो नीट न आल्यास 'पेर्रो' म्हणजे कुत्रा हा 'पेरो' म्हणजे 'पण' होऊन बसतो. मात्र शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून घेण्याची सवय मुलांना लावू नका. स्पॅनिशचे स्पेलिंग उच्चाराशी इतके इमानी आहे की दोन-तीन महिन्यांत मुले ते थेट वाचू लागतात, आणि देवनागरीचा आधार राहिला की नजर तिकडेच जाते.

सहावी ते आठवी ही तीन वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात आणि दुर्लक्षही सर्वांत अधिक इथेच होते, कारण लहान वर्गांचे कौतुक होते आणि मोठ्या वर्गांच्या परीक्षा असतात. इथे व्याकरण आणायचे, आणि ते आणताना तुमच्याजवळ एक साधन आहे जे लंडन किंवा न्यू यॉर्कमधल्या स्पॅनिश शिक्षकाजवळ सहसा नसते, ते म्हणजे मुलांची मराठी. महाराष्ट्रात 2020च्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. त्यामुळे घरी हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनाही तिची थोडीफार ओळख असतेच. तरीही बहुतेक शिक्षक स्पॅनिश व्याकरण इंग्रजीतून समजावतात आणि अडचण ओढवून घेतात. 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस' हे इंग्रजीतून समजावताना अर्धा तास जातो आणि तरी मुले 'यो गुस्तो' असेच लिहितात. तेच फळ्यावर 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' एवढे लिहिले की क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे न बदलता आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते, हे मुले स्वतःच सांगतात. 'माझे डोके दुखते' आणि 'मे दुएले ला काबेसा' याच ठिकाणी शिकवून टाका, कारण तिथेही क्रियापद डोक्याप्रमाणेच चालते.

असे आणखी धागे आहेत. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याआधी 'आ' येतो आणि वस्तू असेल तर येत नाही: 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मी माद्रे'. इंग्रजीतून पाहिले तर हा नियम निव्वळ लहर वाटते. मराठीत आपण 'मी घर पाहतो', पण 'मी आईला पाहतो' असेच म्हणतो. भूतकाळाच्या दोन रूपांनी तर जगभरातले विद्यार्थी हैराण होतात. आपल्या मुलांना 'आजोबा रोज फिरायला जात असत, एके दिवशी ते पडले' हे वाक्य द्या. 'जात असत' जिथे येते तिथे 'सालीआ आ कामिनार', आणि 'पडले' जिथे येते तिथे 'से कायो'. हा मेळ प्रत्येक वाक्यात तंतोतंत बसत नाही, पण पाया म्हणून तो भक्कम आहे. क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो म्हणून तो गाळता येतो, हे मराठीत आपण रोज करतो. तू आणि तुम्ही यांतला भेद जाणणाऱ्या मुलाला 'तू' आणि 'उस्तेद' वेगळे शिकवावे लागत नाही.

जिथे मराठी साथ देत नाही तिथेही मुलांना तसे स्पष्ट सांगावे. आपल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत, आणि कायमचे व तात्पुरते असा जो सोपा नियम पुस्तके देतात तो फसवा आहे, कारण मेलेला माणूसही 'एस्ता मुएर्तो'च असतो. हा विषय एका धड्यात संपवू नका. सहावीत ओळख, माणूस आणि गाव यांसाठी, सातवीत स्थिती आणि जागेसाठी, आठवीत विशेषणाबरोबर अर्थ कसा बदलतो यासाठी, असा तो पुन्हा पुन्हा येऊ द्या. लिंगाबाबत मुले चकित होत नाहीत, कारण निर्जीव वस्तूला लिंग असणे त्यांना नवे नाही. परंतु मराठीतले लिंग स्पॅनिशमध्ये उपयोगी पडत नाही. आपले पुस्तक नपुंसकलिंगी आहे आणि 'लिब्रो' पुल्लिंगी. म्हणून नाम सुटे कधीच शिकवू नका. 'एल लिब्रो', 'ला मेसा' असे उपपदासह एकच शब्द असल्याप्रमाणे तोंडात बसू द्या.

या वर्गांसाठी एक पद्धत मी आग्रहाने सुचवते. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे स्पॅनिश शिकवणारे ब्लेन रे यांनी अ‍ॅशरच्या पद्धतीला गोष्टीची जोड दिली. शिक्षक एक अगदी लहान गोष्ट वर्गातच रचतो आणि तिचे तपशील मुलांना विचारत जातो. एका मुलाला कुत्रा हवा आहे. कुत्रा मोठा हवा की लहान? तो काय खातो? सातवीच्या वर्गात उत्तर येते, 'कोमे मिसळ', आणि तिथून पुढे अर्धा तास सगळा वर्ग त्या मिसळ खाणाऱ्या कुत्र्याबद्दल बोलतो. 'किएरे' (हवे आहे), 'तिएने' (जवळ आहे), 'बा' (जातो), 'कोमे' (खातो) ही चार क्रियापदे या काळात पन्नास वेळा कानावर पडतात आणि मुलांना आपण सराव करत आहोत असे वाटतही नाही. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट भूतकाळात सांगायची आणि तिसऱ्या दिवशी मुलांनी लिहायची. तुमच्या नववीला सुट्टीबद्दल बोलता आले नाही ते या सरावाअभावी. भूतकाळाचा तक्ता त्यांना बहुधा येत असेल.

आठवीत नव्याने येणाऱ्या मुलांना वर्गाच्या मागच्या बाकावर बसवून वरचा अभ्यास ऐकायला लावणे हा अन्याय आहे. त्यांच्यासाठी पहिल्या सत्रात आठवड्याला एक जादा तासिका मागून घ्या आणि तिच्यात नामे शिकवण्यात वेळ न घालवता सर्वाधिक वापरली जाणारी पंधरा-वीस क्रियापदे वर्तमानकाळात बोलती करा. बार्सिलोनाच्या अभ्यासात दिसले तेच इथेही दिसते: तेरा-चौदा वर्षांचे मूल वेगाने शिकते.

नववी-दहावीत वाचन आणि लेखन वाढवायला हवे. दहावीअखेरच्या केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेत ऐकणे, वाचणे, बोलणे आणि लिहिणे यांची परीक्षा स्वतंत्र होते, त्यामुळे चारही कौशल्यांना वर्षभर वेळ द्यावा लागतो. बोलण्याचा सराव शेवटच्या महिन्यावर ढकलला की तो होत नाही. लेखन तपासताना सगळ्या चुका लाल शाईने दाखवू नका. या पंधरवड्यात फक्त भूतकाळाची रूपे आणि विशेषणांचे लिंग तपासणार, असे आधी सांगा आणि तेवढेच तपासा. पान लालेलाल झाले की मूल पुढच्या वेळी छोटी, सुरक्षित वाक्ये लिहू लागते, आणि नेमकी तीच सवय आपल्याला मोडायची आहे. पालकांना बाहेरचे प्रमाणपत्र हवे असेल, तर स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने दिल्या जाणाऱ्या डेले परीक्षेचे 11 ते 17 वयोगटासाठी ए1 आणि ए2-बी1 असे शालेय प्रकार आहेत, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. हे मुलाच्या इच्छेवर सोडा, सक्ती करू नका.

अकरावी-बारावीत आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलोरेट) पदविका असेल तर एक गोष्ट व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवा. 'अ‍ॅब इनिशिओ' हा अभ्यासक्रम भाषेची ओळख नसलेल्या किंवा अगदीच थोडी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिसरीपासून स्पॅनिश शिकलेल्या मुलाला गुणांच्या सोयीसाठी तिथे बसवता येत नाही आणि बसवू नये. त्याची जागा 'लँग्वेज बी'मध्ये, म्हणजे भाषा आधी शिकलेल्यांच्या अभ्यासक्रमात आहे, आणि उच्च स्तर घेतला तर त्याला दोन साहित्यकृती मूळ स्पॅनिशमधून वाचाव्या लागतात. म्हणून दहावीतच लहान कथा मूळातून वाचण्याची सवय लावा. संभावनार्थही (सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणारे क्रियापदाचे रूप) याच सुमारास पक्का करावा. 'किएरो के बेंगास' या वाक्यातले 'बेंगास' आपल्या 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यातल्या 'यावेस'च्या जवळ आहे. व्याकरणातल्या नावांनी घाबरवण्यापूर्वी मुलांना मराठीतली 'यावे, करावे, असावे' ही रूपे गोळा करायला सांगा.

कोणते स्पॅनिश शिकवावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते आराखड्यात लिहून ठेवा. ही भाषा 20 सार्वभौम देशांत अधिकृत आहे. स्पेनमधले 'बोसोत्रोस' (अनेकांना उद्देशून सलगीचे 'तुम्ही') लॅटिन अमेरिकेत बोलले जात नाही, तर अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात. बोलण्यासाठी एकच रूप निवडा आणि सर्व इयत्तांत तेच ठेवा, पण ऐकण्यासाठी सातवीपासून सगळीकडचे आवाज द्या. डेले परीक्षेत कोणत्याही देशातली प्रमाण बोली चालते, त्यामुळे निवडीची काळजी नको.

तुमच्या स्वतःच्या बी2 पातळीबद्दल सांगायचे, तर दहावीपर्यंत ती पुरेशी आहे, मात्र लँग्वेज बीच्या उच्च स्तरासाठी पुरेशी नाही. तुमच्या हातात वेळ आहे, कारण आज तिसरीत येणारी मुले अकरावीत जाईपर्यंत आठ वर्षे आहेत. तरीही आजच्या दहावीसाठी अकरावीचा वर्ग लगेच सुरू होणार असेल, तर पहिली दोन वर्षे त्या वर्गाला सी1 पातळीचा दुसरा शिक्षक घ्यावा, असे व्यवस्थापनाला नि:संकोच सांगा. तुम्ही त्या काळात दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसचे दूरस्थ वर्ग करून सी1ची तयारी करावी आणि रोज थोडा वेळ मोठ्याने वाचावे, कारण लहान वर्गांनाच शिकवत राहिले की शिक्षकाची भाषाही त्या वर्गांएवढीच उरते.

सुरुवात मात्र सध्याच्या मुलांपासून करा. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात सहावी ते दहावीच्या प्रत्येक मुलाशी एकेकटे तीन मिनिटे बोला आणि ते स्वतःहून किती क्रियापदे वापरते, तेवढेच टिपून ठेवा. त्या नोंदी हातात घेऊन आराखडा लिहिलात, तर कोणत्या इयत्तेपासून खरोखर सुरुवात करायची, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. आराखड्याचा मसुदा तयार झाला की कळवा; तो मी आनंदाने वाचेन.